पहिली ते चौथीच्या मुलांना सोशल मीडियाची ओळख वर्गात कशी करून द्यावी

तिसरीतल्या मुलाला रील म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या फोटोखाली काय लिहावं, स्वतःबद्दल किती सांगावं, हे मात्र त्याला बहुतेक वेळा कुणी शिकवलेलं नसतं. ते वर्गात शिकवता येतं, आणि त्यासाठी बाईंचा किंवा गुरुजींचा एक मोबाइल पुरतो.

सुरुवात पालकसभेपासून करा. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामसाठी किमान वय १३ वर्षं आहे, त्यामुळे मुलांची खाती काढायचीच नाहीत; जे काही जाईल ते शिक्षकांच्या खात्यावरून, वर्गाच्या नावानं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. ती लेखी घ्या, आवाजासाठी वेगळी आणि फोटोसाठी वेगळी. पुष्कळ पालक आवाजाला हो म्हणतात आणि फोटोला नाही. तो त्यांचा हक्क आहे.

मग पहिले दोन-तीन आठवडे मोबाइल बाजूला ठेवा. फळ्याशेजारी एक मोठा कागद लावा. ही वर्गाची भिंत. प्रत्येकानं आठवड्यात एक चिठ्ठी तिथं चिकटवायची आणि दुसऱ्याच्या एका चिठ्ठीखाली काहीतरी लिहायचं. नुसतं ‘छान’ चालणार नाही, प्रश्न विचारायचा, एवढा एकच नियम. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या शाळेत हंगामात एखादा पोरगा हमखास गुऱ्हाळावर लिहिणार: ‘काहिलीत (उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईत) भेंडीचं पाणी घालतात.’ त्याखाली कुणीतरी विचारतं, ‘भाजीची भेंडी? कशाला?’ मग तो घरी जाऊन गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, विचारून येतो आणि खाली लिहितो, ‘रानभेंडी. मळी वर येते, मग काढून टाकतात.’ चांगली कमेंट कशी असते, हे यापेक्षा नीट मला तरी समजावता येणार नाही. कुणी टोचून लिहिलं, तर चिठ्ठी गुपचूप काढू नका. ज्याला लागलं त्याची हरकत नसेल, तर वर्गात त्यावर बोला. कागदावरचं निस्तरता येतं, मोबाइलवरचं दहा ठिकाणी पोचलेलं असतं.

यानंतर आवाज. एअरप्लेन मोड लावून रेकॉर्डर सुरू करा. मुलांना जोडीनं मिनिटभर बोलू द्या, पुन्हा ऐकवा, नको वाटलं तर पुसू द्या. पाठवण्याआधी थांबून ऐकायची ही सवय पुढे आयुष्यभर उपयोगी पडते, म्हणून यात घाई करू नका.

आता दुसरी शाळा शोधा. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरलं की कोकणातलं वैभववाडी. तिथल्या एखाद्या वर्गाशी जोडून घ्या. इकडं ऊस आणि गूळ, तिकडं आंबा-काजू, विचारायला भरपूर आहे. आवाजाची आणि फोटोंची देवाणघेवाण फक्त दोन शिक्षकांमध्ये, ठरलेल्या वारी.

पाठवण्याआधी मुलांनाच तपासायला लावा: आडनाव, पत्ता किंवा फोन नंबर कुठं आलाय का, फोटोत गणवेशावरचा बिल्ला किंवा शाळेचा फलक दिसतोय का. कॅमेऱ्याचं लोकेशन तुम्ही बंद ठेवा. पालकांच्या ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे सेटिंग लावा, म्हणजे फॉरवर्डचा पूर थांबतो.

मोबाइल लागेल असा गृहपाठ मात्र देऊ नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच कोल्हापुरात घरी स्मार्टफोन नाही म्हणून एखादं मूल मागं राहणं मला सहन होत नाही.

दोन नंबर वर्गात मोठ्या अक्षरात लावा आणि मुलांकडून पाठ करून घ्या: चाइल्डलाइन १०९८, आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर पालकांसाठी १९३०. मोबाइलवर काही भीतीदायक दिसलं तर आधी घरच्यांना किंवा बाईंना सांगायचं, आणि सांगणाऱ्याला कुणीही रागवायचं नाही, हे पालकांकडूनही कबूल करून घ्या.