पाळणाघरात कांजिण्या आणि आपण गरोदर: काय करावं, कोणत्या क्रमाने

ठाण्यातली बहुतेक पाळणाघरं राहत्या घरातच चालतात. नौपाड्यातला जुना दोन खोल्यांचा फ्लॅट असो की घोडबंदर रोडवरचा वन बीएचके, हॉलमध्ये खेळ आणि आतल्या खोलीत दुपारची झोप. अशा घरात एका मुलाला कांजिण्या आल्या तर त्याला वेगळं ठेवायला धड जागा नसते. त्यात पाळणाघर चालवणारी ताई किंवा तिची मदतनीस गरोदर असेल, तर घाबरून सगळे फिनेल आणि सॅनिटायझरच्या मागे लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे: लादी पुसायच्या आधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असतं. म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत विषाणू घरात फिरून झालेला असतो. आता हातात उरतो तो वेळ, आणि उपचारांच्या मुदती संपर्काच्या दिवसापासून मोजल्या जातात.

आधी मुलाकडे बघा

बनियन वर करून पोट, छाती आणि पाठ बघा. कांजिण्या बहुधा तिथून किंवा चेहऱ्यावरून सुरू होतात. आधी बारीक लाल ठिपका, काही तासांत त्यावर पातळ कातडीचा, पाणी भरलेला, मोत्यासारखा फोड, मग खपली. खरी खूण अशी की एकाच जागी ठिपके, फोड आणि खपल्या तिन्ही एकदम दिसतात, कारण पुरळ टप्प्याटप्प्याने उठतं. तळहात, तळपाय आणि तोंडाच्या आतच फोड असतील तर तो बऱ्याचदा हॅन्ड-फूट-माउथ नावाचा दुसराच आजार असतो. लस घेतलेल्या मुलाला मात्र थोडेच ठिपके येऊन फोड न धरताही कांजिण्या होऊ शकतात, त्यामुळे निदान बालरोगतज्ज्ञांवर सोडा.

तोपर्यंत मुलाला खिडकी उघडी असलेल्या खोलीत बसवा. एसी बंद करा, कारण बंद खोलीत तीच हवा फिरत राहते आणि हा आजार हवेतूनही पसरतो. मुलाजवळ ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या आहेत अशा कोणाला तरी बसू द्या. त्याला पुसणं, कपडे बदलणं, औषध लावणं तुम्ही करू नका. आईबाबांना फोन करून लगेच न्यायला बोलवा. ते नोकरीवरून निघून लोकलने येईपर्यंत दीड-दोन तास जाणारच, म्हणून फोन लांबवू नका. ताप असेल तर पॅरासिटामॉल चालतं, तेही आईबाबांना विचारून. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको आणि कांजिण्यांत आयबुप्रोफेनही टाळतात.

डॉक्टरांना काय सांगायचं

चार गोष्टी कागदावर लिहून मग फोन लावा: कितवा आठवडा चालू आहे, मूल पाळणाघरात शेवटचं कधी होतं, पुरळ कधी दिसलं आणि तुम्हाला पूर्वी कांजिण्या किंवा त्यांची लस झाली आहे का. एका खोलीत १५ मिनिटं किंवा जास्त वेळ एकत्र असलं तरी तो संपर्क धरतात. पाळणाघरात दिवस दिवस एकत्र असतो, त्यामुळे संपर्क झाला की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दवाखान्यात न कळवता जाऊन ओपीडीत बसू नका. तिथे इतरही गरोदर बायका असतात. आधी फोन करा, ते वेगळी वेळ देतील.

"लहानपणी झाल्या असतील" हे उत्तर पुरत नाही

आईला, नाहीतर मोठ्या बहिणीला नीट खोदून विचारा. आपल्याकडे गोवर, कांजिण्या आणि घामोळ्यांची आठवण एकमेकांत मिसळलेली असते. "पाण्याचे फोड होते का? खपल्या पडल्या का? घरातल्या दुसऱ्या कोणाला झाल्या का?" असे प्रश्न विचारले की चित्र स्पष्ट होतं. एकदा नक्की झालेल्या असतील किंवा लसीचे दोन्ही डोस झाले असतील तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. तरी डॉक्टरांना कळवाच.

खात्री नसेल तर रक्ताची व्हॅरिसेला आयजीजी तपासणी लागते. व्हॅरिसेला म्हणजे कांजिण्या, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी रक्तात आहेत का ते यात कळतं. गरोदरपणात बाळाला धोकादायक ठरणाऱ्या काही संसर्गांसाठी केलेल्या टॉर्च तपासणीत ही सहसा नसते, त्यामुळे जुनी फाइल बघून निश्चिंत होऊ नका. रक्त त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी द्या. आपल्या देशात मोठं होईपर्यंत कांजिण्या न झालेल्या बायका थंड देशांच्या मानाने जास्त आढळतात, आणि ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तर नवल वाटून घेऊ नका.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तर

अँटिबॉडी नसतील तर डॉक्टर दोन मार्गांचा विचार करतात. एक, व्हॅरिसेला झोस्टर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन. ते जितकं लवकर तितकं चांगलं, संपर्कापासून १० दिवसांच्या आत. ते महाग असतं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही, म्हणून शोधायलाही वेळ हाताशी हवा. दुसरा मार्ग अ‍ॅसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या, संपर्कानंतर सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत. काय द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात घ्यायची नाही, ती जिवंत विषाणूची असते.

भीती आकड्यांत समजून घ्या. गरोदर बाईला पहिल्या २० आठवड्यांत स्वतःला कांजिण्या झाल्या तर बाळात व्यंग येण्याचा धोका जास्तीत जास्त १००त २च्या आसपास असतो, तोही १३ ते २० आठवड्यांत. त्याआधी १ टक्क्याहूनही कमी. २८ आठवड्यांनंतर हे व्यंग जवळजवळ येत नाही. पुढे प्रश्न असतो आईच्या फुप्फुसांचा, आणि प्रसूतीच्या ५ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत पुरळ आलं तर नवजात बाळाचा. नुसता संपर्क आला म्हणून गर्भपाताचा सल्ला कोणी शेजारपाजारचं देऊ लागलं, तर त्यांचं ऐकू नका. कांजिण्या झाल्याच तर बऱ्या झाल्यावर किमान ५ आठवड्यांनी तपशीलवार सोनोग्राफी करतात, आणि मगच पुढचं बोलणं होतं.

कॅलेंडरवर खुणा करा

समजा संपर्क २ फेब्रुवारीला झाला आणि तुम्हाला प्रतिकारशक्ती नाही. कांजिण्या साधारण १० ते २१ दिवसांत उठतात, आणि पुरळाच्या आधीच पसरतात. म्हणून १० फेब्रुवारीपासून २३ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत, इतर गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्यापासून लांब राहा. इंजेक्शन घेतलं असेल तर ही मुदत २८ दिवसांपर्यंत, म्हणजे २ मार्चपर्यंत जाते. मध्ये सातव्या महिन्याचं डोहाळजेवण ठरलं असेल तर पुढे ढकला. बायका रागावतील, पण त्यांच्यातही कोणीतरी पहिलटकरीण असतेच. सोनोग्राफीची वेळ असेल तर सेंटरला आधी सांगा.

पुरळ दिसलं तर

पहिला ठिपका दिसल्यापासून २४ तासांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू झालं तर त्याचा सर्वात जास्त उपयोग होतो, म्हणून रात्रभर वाट बघत बसू नका. घरात कोणी म्हणेल, "आई आली आहे, औषध नको, कडुनिंब बांधा." कडुनिंबाची डहाळी दारात राहू दे, भक्तीला कोणाची हरकत नाही, पण गोळी चुकवू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा पिऊ नका. आंघोळही बंद करू नका. कोमट पाण्याने करा, अंग चोळू नका, टिपून घ्या, नखं बारीक कापा.

खोकला, दम लागणं, छातीत दुखणं, ग्लानी, फोडांतून रक्त, बाळाची हालचाल कमी होणं, यापैकी काही दिसलं तर १०८ला फोन करून रुग्णालय गाठा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा तुमचं नाव नोंदवलेल्या ठिकाणी, निघतानाच "गरोदर आहे, कांजिण्या आहेत" असं कळवा.

आईबाबांना कळवणं

लपवू नका. मुलाचं नाव मात्र सांगू नका. मेसेज असा असू द्या:

"नमस्कार. आपल्या पाळणाघरातल्या एका बाळाला कांजिण्या झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे. पुढच्या तीन आठवड्यांत तुमच्या मुलाला ताप किंवा पुरळ दिसलं तर कृपया घरीच ठेवा आणि मला फोन करा. लस झाली नसेल तर आजच बालरोगतज्ज्ञांना विचारा. घरात कोणी गरोदर असेल किंवा केमो, स्टिरॉइड चालू असेल तर त्यांनाही डॉक्टरांशी बोलायला सांगा. मी स्वतः गरोदर असल्यामुळे काही दिवस व्यवस्था बदलावी लागेल, ते संध्याकाळी कळवते."

लसीबद्दल मुद्दाम लिहिलं आहे, कारण संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत लस मिळाली तर वर्षावरच्या मुलाला आजार टळू किंवा सौम्य होऊ शकतो. परत यायचा नियमही एकच ठेवा: नवीन फोड येणं थांबलं पाहिजे आणि सगळ्यांवर खपली धरली पाहिजे. याला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. "आता ताप नाही, ऑफिसला जायचंय" असं कोणी म्हणालं तरी नियम मोडू नका. त्या दिवसांची फी घ्यायची की नाही हे नाव नोंदवतानाच लिहून ठेवलं तर ऐन वेळी संबंध बिघडत नाहीत.

एक मूल घरी गेलं म्हणजे संपलं असंही नाही. दुसऱ्या मुलाला दोन-तीन आठवड्यांनी फोड येऊ शकतात. प्रतिकारशक्ती नसेल तर एवढे दिवस सगळी मुलं दुसऱ्या कोणाच्या घरी सांभाळायची सोय करता आली तर करा. नसेल तर पाळणाघर बंद ठेवणं हाच शहाणपणा.

साफसफाई

साबणाच्या पाण्याने खेळणी, पावडर टाकून गरम पाण्यात चादरी, खिडक्या उघड्या. एवढं पुरतं. उग्र फिनेलचा वास पोटुशी बाईला आणखी मळमळवतो.

बाळंतपणानंतर

तपासणीत प्रतिकारशक्ती नाही असं दिसलं असेल तर तो रिपोर्ट जपून ठेवा. प्रसूतीनंतर लसीचे दोन डोस, निदान ४ आठवड्यांच्या अंतराने, घेता येतात. अंगावर पाजत असलात तरी चालतं. प्रत्येक डोसनंतर एक महिना दिवस राहू नयेत याची काळजी घ्या.