आधी धूळ अडवा, मग पोछा मारा: नागपूरचं घर साफ ठेवण्याची माझी रीत

घर साफ ठेवण्याचे जे सल्ले कानावर येतात, त्यातले निम्मे मुंबई-पुण्याच्या हवेचे असतात. भिंतीला ओल आली तर हे करा, बुरशी धरली तर ते करा. आपल्याकडे ओल जेमतेम पावसाळ्यापुरती. बाकी वर्षभर धूळ. सिमेंटचा रस्ता झाला की नाली, नाली झाली की उड्डाणपूल, काही ना काही खोदलेलं असतेच. कोराडी-खापरखेड्याकडे राहणाऱ्यांना वरून वीजकेंद्राच्या राखेचा प्रसाद वेगळा. अशा गावात दिवसातून दोनदा पोछा मारूनही संध्याकाळी टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येते. म्हणून माझं म्हणणं असं की जेवढी मेहनत पुसण्यावर करता, त्यातली अर्धी धूळ आत येऊ न देण्यावर करा.

मी अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झालो. बायको अजून शाळेत शिकवते, सकाळी साडेसहाला तिची स्कूटी गेटबाहेर पडते. त्यामुळे सक्करदऱ्यातलं आमचं तळमजल्याचं घर माझ्या ताब्यात आहे. शेडमध्ये इंजिन बिघडायची वाट कोणी पाहत नाही, तारीख आली की ते तपासणीला लागतेच. घरातही मी तेच चालवतो. कशाची पाळी कोणत्या महिन्यात, ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असते.

दारापासून सुरुवात करू. पायपुसणी दोन हवीत. बाहेर काथ्याचं खरखरीत, आत जाड सुती. बाहेरचं रोज आपटा, पण वारा कुठून येऊन राहिला ते पाहून, नाही तर सगळं परत व्हरांड्यात. चपला-बूट उंबऱ्याच्या बाहेरच. अंगणात आधी हाताने हलका सडा मारा, माती जरा बसू द्या, मग खराटा फिरवा. शेजारचे एक काका रोज कोरडं अंगण झाडतात आणि त्यांची सगळी धूळ आमच्या खिडकीतून आत येते. "काका, काहून एवढी मेहनत करता?" असं विचारून झालं, ते नुसते हसतात.

खिडक्या मार्च ते जून सकाळी नऊच्या आत बंद करा, पडदे ओढा. दिवस मावळल्यावर उघडा. ऊनही अडते, धूळही. कुलर चालू असला तर मात्र त्याच्या समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. कुलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती निघायला वाट पाहिजे. वाट असली की हवा आतून बाहेर वाहत राहते आणि त्या फटीतून धूळ आत येत नाही. वाट नसली की खोली चिकचिकीत होते आणि लोक म्हणतात कुलर खराब झाला.

झाडण्याचा क्रम सगळ्यांना माहीत असतो, पाळत कोणी नाही. वरून खाली, आणि कोरडं आधी, ओलं नंतर. पंख्याच्या पात्याला जुनी उशीची खोळ मोज्यासारखी घाला आणि ओढून काढा, सगळी धूळ खोळीत. मग जाळे, मग आलमारीचा वरचा भाग, मग खिडकीची चौकट, सगळ्यात शेवटी फरशी. आधी फरशी पुसून मग पंखा झटकणाऱ्या माणसाला काय म्हणावं! खिडकीच्या सरकत्या रुळात माती साचते, तिथे पाणी टाकू नका, चिखल होतो. जुन्या टूथब्रशने कोरडीच काढा, मग ओला कपडा फिरवा. पोछ्याला दोन बादल्या घ्या, एक पिळायला, एक चांगल्या पाण्याची. एकाच बादलीत तीन खोल्या पुसल्या तर तिसऱ्या खोलीला पहिल्या खोलीची माती मिळते.

आता कुलर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरात येणारी बहुतेक हवा ज्यातून गाळून येते ती वस्तू आपण वर्षातून एकदा, तीही घाईत साफ करतो. धूळ ताटीत, म्हणजे कुलरच्या बाजूच्या ओल्या जाळीत, अडकते, पाण्याबरोबर टाकीत उतरते आणि तळाशी गाळ होऊन बसते. एप्रिलमध्ये कधी टाकीत हात घालून पाहा.

होळीच्या आसपास कुलर बाहेर काढा. प्लग काढलेला असू द्या. पहिल्यांदा सगळं कोरड्या ब्रशने झाडा, पाणी नंतर. खसच्या ताट्या असतील तर दरवर्षी नवीन भरून घ्या. जुन्या खसवर क्षाराची पांढरी खपली धरते, तिथून पाणी उतरत नाही. तो भाग कोरडा राहिला की हवा थंड होत नाही आणि धूळही सरळ आत. नवीन खस बसवल्यावर पंखा बंद ठेवून नुसता पंप अर्धा तास चालवा. चहासारखं लाल पाणी निघते, ते पूर्ण काढून टाका, मगच पंखा लावा. हनीकोंब पॅड असेल तर तो बरेच हंगाम चालतो, पण घासायचा नाही. ज्या बाजूने हवा बाहेर पडते त्या बाजूने पाण्याची हलकी धार सोडायची, म्हणजे अडकलेली माती आली तशी मागे निघते.

ताटीच्या वर जी पन्हळ असते तिची भोकं तपासा. दोन-चार तरी बुजलेली असतातच, आणि नेमकी त्याखालची खस कोरडी दिसते. खराट्याची काडी घ्या, एकेक भोक टोचा. ही पाच मिनिटं वाचवणारे लोक मग मे महिन्यात मेकॅनिकला फोन करतात. पंपाला नायलॉनच्या जाळीचा तुकडा बांधून टाका, खसचे धागे आत जात नाहीत.

टाकीच्या भिंतीवरचा पांढरा थर साबणाने निघत नाही. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत, ते थरावर ओतून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग काथ्याने घासा. लोखंडी टाकी असेल तर याहून जास्त वेळ ठेवू नका, आंबट पाणी पत्रा खाते. लगेच साध्या पाण्याने धुवा. लिंबूसत किंवा ॲसिड वापरताना ब्लीचिंग पावडर जवळपासही नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो.

मग आठवड्याची पाळी. आरोग्य खातं "कोरडा दिवस पाळा" म्हणते, पण बरेच लोक पाणी बदलतात आणि झालं म्हणतात. डेंगूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत, पाणी लागलं की फुटतात. उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाणी काढल्यावर ती रेष काथ्याने खरवडलीच पाहिजे. टाकी तासभर कोरडी होऊ द्या, मग भरा. आमच्याकडे हे रविवारी चहाच्या आधी होते.

पाणी भरताना प्लग काढायचा. स्विच बंद केला एवढ्यावर भागवायचं नाही. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान पोट्टे असतात. पत्र्याच्या कुलरला अर्थिंग आहे की नाही ते हंगामाआधी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टाकीत हात घालू नका. आणि पाऊस लागला की कुलर तसाच खिडकीत सोडू नका. बूच काढा, टाकी पुसा, ताट्या उन्हात वाळवून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये बंद कुलरमध्ये साचलेलं पावसाचं पाणी कोणाच्या लक्षात राहत नाही.

स्वयंपाकघरात आमची मुख्य भानगड तर्रीची. रविवारी पोह्यावर तर्री, आणि ती सांडल्याशिवाय पोट्ट्यांचं पोट भरत नाही. ओट्यावर किंवा टेबलक्लॉथवर सांडली तर लगेच पाणी ओतू नका, पसरते. रंग तेलात उतरलेला असतो, म्हणून आधी तेल काढा. जुना पेपर दाबून धरा, मग थोडं कोरडं बेसन भुरभुरा, ते ओढून घेऊ द्या, झटका, आणि मग भांड्याचा साबण. त्यानंतरही जो पिवळा डाग राहतो तो हळदीचा. त्याला घासू नका, उन्हात ठेवा. हळदीचा रंग उजेडात उडतो. पिवळे पडलेले प्लॅस्टिकचे डबे धुऊन, ओले असतानाच तोंड वर करून छतावर ठेवून द्या. जिथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या गावात डाग काढायची पावडर विकत आणणं मला तरी पटत नाही.

एक्झॉस्ट पंख्याची चिकटलेली पाती धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवली की तेल सुटते. पाती ॲल्युमिनियमची असतील तर सोडा नको, काळी पडतात. तिथे नुसता साबण आणि गरम पाणी. रात्री शेवटचं काम म्हणून ओटा आणि सिंक कोरडं पुसून टाका. झुरळाला पाणी लागते, आणि रात्री ते त्याला सिंकमध्येच मिळते.

फरशीसाठी मी फिनाईल आणणं जवळजवळ बंद केलं. संत्र्याच्या गावात सालं फेकायची आणि संत्र्याच्या वासाची बाटली विकत आणायची, हे काही जमले नाही. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या मागेपुढे बाजारात येतात, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळा सालं ठेवा. शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम साल, एक लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, काचेच्या नको, आणि वरचा चौथा भाग रिकामा सोडा. आत वायू तयार होतो, म्हणून पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून परत लावा. सुरुवातीला फुस्स आवाज येतो, पुढे कमी होतो. तीन महिन्यांनी फडक्यातून गाळा. बादलीभर पाण्यात दोन-तीन झाकणं टाकून फरशी पुसा. तेलकट जागी सरळ स्पंजवर घेऊन घासा, सालीतलं तेल चिकटपणा सोडवते. मात्र हे पाणी आंबट असते. संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशी या चुनखडीच्या, त्यांच्यावर ते, लिंबू किंवा ॲसिड काहीच नको, चकाकी जाते आणि परत येत नाही. ग्रॅनाईटला आणि टाईल्सला चालते.

मृग लागायच्या आधी गाद्या, रजया, गोधड्या उन्हात टाका, दुपारी पालटा. कडक उन्हात ढेकूण टिकत नाही. सुती साड्या पावसाळाभर ठेवायच्या असतील तर खळ काढून ठेवा, कसर खळीवरच येते. पावसाळ्याचं माझ्याकडे एवढंच.

अडगळ काढायचा आमचा दिवस मात्र दिवाळीचा नाही, मारबतीचा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इकडे काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, लोक "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात, आणि आमच्या घरात त्याच सकाळी मीही एक पोतं घेऊन तेच ओरडत फिरतो. मुदत संपलेली औषधं, कोणत्या मोबाईलचे तेही आठवत नाही असे चार्जर, कान तुटलेले कप, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, सगळं त्या पोत्यात. बायकोचे डबे मी तिला विचारल्याशिवाय उघडत नाही, संसार चालवायचा आहे. आहेरात आलेली तांब्या-पितळेची भांडी वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवू नका. इतवारीत मोडीत देऊन वापरातलं एखादं भांडं आणा. कपडे धुऊन, बटणं लावूनच कोणाला द्या. दिवाळीपर्यंत थांबलं तर तेव्हा फराळ, पाहुणे, खरेदी, आणि अडगळ पुन्हा पलंगाखाली.

कचरा दोन डब्यांत, ओला हिरव्यात, सुका निळ्यात. ओल्या डब्याच्या तळाशी पेपरची घडी ठेवली की पाणी गळत नाही. सगळं एकत्र गेलं की ते भांडेवाडीच्या ढिगावर जाऊन पडते, आणि उन्हाळ्यात त्या ढिगाला आग लागली की धूर कोणाच्या खिडकीत शिरतो ते तिकडच्या वस्त्यांना विचारा.

एवढं वर्षभर चाललं की दिवाळीला पडदे तेवढे उरतात. काढताना हूक एका डब्यात टाका आणि डब्यावर खोलीचं नाव लिहा, नाही तर लावताना दोन कमी पडतातच. मशीनमध्ये टाकण्याआधी पडदे बाहेर झटका, कोरडी धूळ मशीनमध्ये गेली की चिखल होऊन दाराच्या रबरात बसते. धुतल्यावर पिळून वाळत घालू नका. पाणी निथळलं की दमट असतानाच दांडीवर लावा. आपल्या वजनाने सुरकुत्या निघतात, आणि इस्त्रीवाल्याकडे गठ्ठा न्यावा लागत नाही.