ठाणे–वाशी मार्गावर गाळा घेण्याआधी माणसं मोजा

स्टेशनच्या तोंडावर गाळा मिळाला की धंदा चालणारच, या भरवशावर अनेकजण डिपॉझिट भरून मोकळे होतात. गाडी माणसं आणून सोडते. ती तुमच्या दारात थांबणार का, हे मात्र ती कुठल्या बाजूला, किती वाजता आणि किती घाईत उतरतात त्यावर ठरतं.

आधी बाजू ओळखा. ऐरोली, रबाळे, घणसोलीला रुळांच्या पूर्वेकडे एमआयडीसी आणि कंपन्या, पश्चिमेकडे वस्ती. पूर्वेला सकाळी उतरणारा माणूस चहा-नाश्ता घेतो, संध्याकाळी त्याला परतीची गाडी धरायची असते. पश्चिमेला उलट. सकाळचा लोंढा गाडीकडे पळतो, संध्याकाळी तीच माणसं भाजी, दूध, फरसाण घेत घरी जातात. भाजीच्या गाळ्यासाठी पश्चिमेची सकाळ मोजणं फुकट आहे.

मोजायला दोन माणसं लागतात. मंगळवार ते गुरुवारपैकी दोन दिवस, एक शनिवार, एक रविवार. रविवारी मेगाब्लॉक असेल तर तो दिवस सोडा. सगळी मोजणी पगाराच्या आठवड्यात उरकू नका, तेव्हा खरेदी जास्त असते.

गाळ्यासमोर खांबापासून शटरपर्यंत मनात एक रेघ धरा. ती ओलांडेल तोच मोजायचा. स्टेशनातून येणारे एकाने, जाणारे दुसऱ्याने. वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, आणि दर १५ मिनिटांनी नवी ओळ. पाच मिनिटं मोजून १२ने गुणून तासाचा आकडा काढणं ही नेहमीची चूक. गाडी लागली की दोन-तीन मिनिटं लोंढा येतो, मग रस्ता मोकळा. त्या पाच मिनिटांत गाडी सापडली तर आकडा फुगतो, हुकली तर काहीच हाती लागत नाही.

नुसती गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. जवळच्या तशाच दुकानासमोर तासभर थांबून किती गेले आणि कितींनी पैसे दिले, ते वेगळं लिहा. समजा संध्याकाळी ५ ते ९ मध्ये ४,८०० माणसं गेली आणि शंभरात एकाने घेतलं, तर गिऱ्हाइकं ४८. प्रत्येकी ६० रुपये धरले तर गल्ला २,८८०. त्यात २० टक्के सुटले तर ५७६, महिन्याच्या २६ दिवसांचे १४,९७६. भाडं २५,००० असेल तर हा गाळा सोडा, गर्दी कितीही दिसो.

वाट बदलली की आकडे बदलतात, म्हणून नवा पूल, सबवे किंवा रिक्षा स्टँडचं काम कुठे चाललंय ते बघा. ठाणे पश्चिमेला सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलाच्या, वरच्या डेकवर बस लागते. बस धरणारे वरूनच जातात, खालच्या दुकानांना ते दिसतही नाहीत. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. तोवर दिघ्याची माणसं ऐरोली किंवा कळव्याला जात.

गाळा परवडत नाही म्हणून स्टेशनबाहेर हातगाडी लावायचा बेत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल ध्यानात घ्या. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बंदी आहे. माल जप्त झाला तर भांडवलच जातं.

गाळा पसंत पडला तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात गाळा सोडता येत नाही तो, शक्य तितका कमी ठेवा, आणि स्टेशनचा दरवाजा किंवा पूल बंद झाल्यास महिन्याच्या नोटिशीत डिपॉझिटसह बाहेर पडता येईल, असं कलम घालायला लावा.