छोट्या टेक शेअरचा भाव शॉर्टवाल्यांनी पाडला का? असं तपासा

शॉर्ट मारणं म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव पडल्यावर परत घ्यायचा. आधी एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) साइटवर शेअरची सिरीज, म्हणजे तो कोणत्या गटात आहे, ते बघा. बीई असेल तर तो ट्रेड-टू-ट्रेडमध्ये आहे. तिथे इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन-विकून मोकळं होणं) चालत नाही, विकलेल्या मालाची डिलिव्हरी द्यावीच लागते. मंदीवाल्यांवरचा, म्हणजे शॉर्ट मारणाऱ्यांवरचा, संशय तिथेच सोडा. ईक्यू (नेहमीची सिरीज) असेल तर शॉर्ट मारता येतो, पण कॅशमध्ये (रोखीच्या बाजारात) त्याच दिवशी कापावा, म्हणजे परत खरेदी करून मिटवावा लागतो. फ्यूचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या करारांत) पोझिशन, म्हणजे न मिटवलेला सौदा, पुढे नेता येते, मात्र छोट्या टेक कंपन्या सहसा एफ अँड ओ (फ्यूचर्स-ऑप्शन्स) यादीत नसतात. एसएलबीतून (शेअर उसने देण्या-घेण्याच्या सोयीतून) शेअर उसने घेता येतात, तेही मंजूर यादीतलेच.

मग मार्केट डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती शेअरच्या ऑर्डरी लागल्यात ते. खरेदीच्या बाजूला २०० रुपयांना ४००, १९९.५० ला ३००, १९९ ला ५००, १९८ ला ६०० आणि १९६.५० ला ७०० शेअर लागलेत असं धरा. कोणी २,००० शेअर मार्केट ऑर्डरने (मिळेल त्या भावाला) विकले तर शेवटचा सौदा १९६.५० ला होतो, सरासरी मिळते १९८.७२. म्हणजे चार लाखांच्याही आतल्या विक्रीने भाव पावणेदोन टक्के खाली. कंपनीत काहीही बिघडलेलं नसतं. डेप्थ पातळ असते, एवढंच.

हेच २,००० शेअर शॉर्टवाल्याला बाजार बंद व्हायच्या आत परत घ्यावे लागतात. बहुतेक ब्रोकर सव्वातीनच्या आसपास इंट्राडे पोझिशन आपणहून कापतात. त्यामुळे पडझड शॉर्टमुळे असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात खरेदी दिसायला हवी. ती दिसली नाही, भाव दुसऱ्या दिवशीही खालीच राहिला आणि डिलिव्हरीची टक्केवारी (एकूण सौद्यांत प्रत्यक्ष हात बदललेल्या शेअरचा वाटा) नेहमीपेक्षा जास्त आली, तर कोणीतरी खरोखर माल काढतंय. अशा वेळी तिमाही निकाल आणि प्रवर्तकांचे गहाण शेअर तपासा, मंदीवाल्यांना दोष देत बसू नका.

शॉर्ट मारणाऱ्याचा खरा धोका अप्पर सर्किट, म्हणजे दिवसात भाव वर जायची कमाल मर्यादा. समजा, २०० ला ५०० शेअर विकले आणि भाव ५ टक्क्यांच्या सर्किटला, २१० वर अडकला. विकणाराच नाही, तर कापणार कसं? डिलिव्हरी चुकते, सौदा दुसऱ्या दिवशी ऑक्शनला (न दिलेला माल मिळवण्यासाठीच्या एक्सचेंजच्या लिलावाला) जातो. तिथेही माल मिळाला नाही तर क्लोज-आउट, म्हणजे शेअरऐवजी पैशांत मिटवणं: सौद्यापासून ऑक्शनपर्यंतचा सर्वोच्च भाव किंवा ऑक्शनच्या दिवसाच्या बंद भावावर २० टक्के, यातलं जे जास्त ते. त्या दिवशी २२०.५० ला बंद झाला तर हिशेब २६४.६० ने होतो. तोटा ३२,३०० रुपये, खर्च वेगळा.

शेअर धरून बसलेल्यांचं नुकसान बहुधा स्टॉप-लॉसमधून (भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप विकणाऱ्या ऑर्डरमधून) होतं. शॉर्टच्या धक्क्याने भाव ट्रिगरला (त्या ठरलेल्या पातळीला) टेकतो, त्यांचा डिलिव्हरीचा माल मार्केट ऑर्डरने सुटतो आणि भाव आणखी खाली जातो. दिवसअखेर शॉर्टवाला खरेदी करून मोकळा होतो, यांचे शेअर मात्र गेलेले असतात. म्हणून पातळ डेप्थच्या शेअरमध्ये एसएल-मार्केट (ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला विकणारा स्टॉप-लॉस) लावूच नका. एसएल-लिमिट (ठरवलेल्या किमान भावाच्या खाली न विकणारा) लावा, ट्रिगर आणि लिमिटमध्ये एक-दीड टक्का अंतर ठेवा. भाव लिमिटच्या खाली उडी मारून गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते. तेव्हा डेप्थ बघून विकायचं की थांबायचं ते ठरवा.