बेळगावच्या उन्हाळ्यात रेससाठी सायकल हाणताय? या चुका टाळा

बेळगावच्या सायकलवाल्यांना सगळ्यांत जास्त फसवते ती बेळगावची हवा. एप्रिलात पहाटे टिळकवाडीतून निघालं तर अंगावर बारीक शहारा येतो आणि कॅम्पातल्या झाडांखालून जाताना उन्हाळा सुरू आहे हेच खोटं वाटतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, म्हणून ही चैन. पण सायकल शहरात थोडीच थांबते? दोन-अडीच तासांत ती गोकाकच्या काळ्या रानात पोचते, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्याच्या घामट हवेत. मार्च ते मे या दिवसांत ज्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोकं दुखून जे रस्त्याकडेला बसले, किंवा ज्यांची सायकल जत्रेच्या शर्यतीतून टेम्पोत घालून परत आणावी लागली, त्यांतल्या बहुतेकांचा दम कमी नव्हता. निघताना होती तीच हवा दुपारपर्यंत सोबत येईल, असा हिशेब त्यांनी धरलेला असतो.

आधी अंतर ठरवता, दिशा नाही

"उद्या शंभर मारूया" असं रात्री ठरतं. कुठे, ते सकाळी चहाच्या टपरीवर. उन्हाळ्यात हे उलटं हवं.

पूर्वेचा रस्ता गोड बोलून फसवतो. सांबरा, नेसरगी, पुढे यरगट्टी किंवा गोकाक. जाताना एकूण उतार, सकाळची पडलेली हवा, कॉम्प्युटरवर ताशी ३२-३३ चा ॲव्हरेज. गडी खूश. गोकाक बेळगावपेक्षा दोनेकशे मीटरने तरी खाली आहे, म्हणजे परतीला तेवढं चढायचं, आणि ते नऊ-दहानंतर, झाड नसलेल्या रस्त्यावर. त्यात दिवस तापला की पश्चिमेचा वारा उठतो आणि तो सरळ तोंडावर येतो. चढ, ऊन आणि वारा तिन्ही परतीच्या वाटेवरच गाठतात, आणि तेव्हाच बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात.

म्हणून लांबची राईड पश्चिमेला न्या. जांबोटी, खानापूर किंवा शिनोळीवरून चंदगडकडे. सकाळी सावली मिळते आणि परतताना वारा बऱ्यापैकी पाठीशी राहतो. पूर्वेला जायचंच असेल तर उजाडता उजाडता निघा आणि किलोमीटर कितीही झालेले असोत, साडेआठला सायकल फिरवा. एक मात्र ध्यानात ठेवा. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात अगदी अंधारात शिरू नका. गवे रस्त्यावर उभे असतात आणि वळणावरून उतरताना तुमच्या छोट्या दिव्यात ते फार उशिरा दिसतात.

चोर्ला उतरणं फुकट नसतं

नवीन रोड बाईक घेतली की चोर्ला उतरून पलीकडे पोहे खाऊन यायचं, ही आपल्याकडची जुनी हौस. हौस वाईट नाही, पण हिशेब करून बघा. पलीकडचा पायथा आणि घाटमाथा यांत सातशे मीटरच्या आसपास फरक आहे. हौशी सायकलस्वार तासाभरात ६०० मीटर उंची चढला तरी चांगला म्हणायचा. म्हणजे नाश्ता करून नऊला चढायला लागलात तर सव्वा तास, कदाचित दीड तास तुम्ही त्या घाटात आहात.

आता वाऱ्याचं बघा. तोच पश्चिमेचा वारा, जो घाटमाथ्यावर मदतीला येतो, तो चढताना तुमच्या पाठीमागून ताशी दहाच्या वेगाने येतो आणि तुम्हीही दहानेच चढत असता. म्हणजे अंगाला लागणारी हवा शून्य. त्यात दमटपणा इतका की घाम वाळत नाही, नुसता हँडलवर टपटपत राहतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं, गळून पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही. माथ्यावर हृदयाच्या ज्या ठोक्यांना तुम्ही तासभर आरामात टिकता, त्याच ठोक्यांना इथे वीस मिनिटांत डोकं गरगरतं, ते यामुळे.

उपाय सोपा आहे, फक्त मनाला पटत नाही: पहिली पंधरा मिनिटं लाज वाटावी इतकी हळू चढा. पुढचं लहान ३४ दाती चक्र आणि मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचात, ३२ दात्यांचं मोठं चक्र असू द्या. ३९-२५ च्या जड गियरवर चोर्ला चढल्याच्या गोष्टी ऐकायला छान असतात, गुडघ्यांना विचारून बघा. हेल्मेट आणि मान ओली करत राहा. जुन्या पातळ मोज्यात बर्फाचे खडे भरून तो मानेमागे जर्सीत खोचला तर अर्धा तास तरी निभतो. व्यावसायिक रेसमध्येही हेच करतात, आपल्याला बर्फ खालच्या कोणत्याही कोल्ड्रिंकच्या दुकानात मिळतो.

आणि उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन किंचाळायला लागतात. वळणाआधी जोरात, थोडा वेळ, मग पूर्ण सोडा.

पाणी पिता, पण नुसतं पाणी

इथे दोन टोकं दिसतात. एक गट "सवय आहे गा आपल्याला" म्हणत एका बाटलीवर सत्तर किलोमीटर काढतो. दुसरा भीतीपोटी साधं पाणी ढोसत राहतो आणि तरी त्याला मळमळतं, बोटं सुजतात, डोकं जड होतं. दुसऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. घामातून मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, आणि ते खरोखर धोक्याचं आहे.

किती प्यायचं हे मित्राला विचारून कळणार नाही. कष्टाच्या राईडमध्ये कुणाचा तासाला अर्धा लिटर घाम जातो, कुणाचा दीड, क्वचित दोन. राईडच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर, त्यात वाटेत प्यायलेलं मिळवा आणि तासांनी भागा. घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत राहिली की झालं. वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पिताय.

एका बाटलीत ओआरएस ठेवा. पाकीट घेताना घटक वाचा. फळांच्या चवीचे गोड डबे अनेक वर्षं ओआरएस नावाने खपले, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते नाव वापरायला मनाई केली. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वाटेत उसाचा रस दिसतो, तो सरळ ग्लासभर ढोसला की पोटात डुचमळतो, कारण त्यात १३ ते १५ टक्के साखर असते. "मावशी, बर्फ नको, अर्धा रस बाटलीत घाला" म्हणायचं, वर तेवढंच पाणी, लिंबू, चिमूटभर मीठ. सहा-सात टक्क्यांवर आलेला हा रस कुठल्याही महागड्या पावडरीच्या बरोबरीचा आहे, आणि पावडरीपेक्षा चवीला कितीतरी बरा.

खाण्याचंही तसंच. दीड तासापुढच्या राईडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. गोकाकचा करदंट खिशात असतो, असावाच, पण तो राईडच्या पहिल्या शांत तासात संपवा. सुका मेवा, डिंक आणि तूप पचायला वेळ घेतात. शेवटच्या दहा किलोमीटरला तो खाल्ला तर फायदा घरी पोचल्यावर होतो.

गोळे आले तर सायकलवरून उतरून तो स्नायू ताणा. लोणच्याचा खार घोटभर घेतल्यावर काहींचा गोळा मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो. इतक्या लवकर मीठ रक्तात पोचत नाही, तेव्हा घशातल्या मज्जातंतूंना बसलेल्या झटक्याचा तो परिणाम असावा. पण दर वेळी त्याच किलोमीटरला गोळे येत असतील तर कारण मिठापेक्षा तयारीत शोधा. सरावात कधी न केलेला जोर शर्यतीत लावला की स्नायू आखडतोच.

सोबतचा गडी असंबद्ध बोलायला लागला, सरळ रेषेत सायकल चालवू शकत नसेल, तर तो "थकलाय" असं समजू नका. ऊष्माघातात घाम थांबलेला असेलच असंही नाही. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आधी थंड करायचं, गाडीत घालायचं नंतर. जंगलात रेंजचा भरवसा नाही, म्हणून एकाने पुढच्या गावाकडे निघावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

रोजची राईड म्हणजे रोजची रेस

उन्हाळ्यात फॉर्म बिघडण्याचं सगळ्यांत मोठं कारण माझ्या मते ऊन नाहीच, ग्रुप राईड आहे. वेंगुर्ला रोडला लागलं की कुणीतरी पुढे काढतो, दुसऱ्याला राहवत नाही, आणि "आज हळू" ठरलेली राईड हिंडलग्याच्या पुढे शर्यत होते. मग खऱ्या शर्यतीच्या दिवशी पाय जड.

शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं. ते दिवस हळू चालवा, पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं. नेहमीच्या वेगाला ठोके दहाने जास्त दिसले तर वेग कमी करा. आठवड्यात दोनच कडक दिवस, तेही पहाटे. त्यासाठी राजहंसगडासारखा चढ शहराजवळ दुसरा सापडणार नाही. सकाळी उठल्यावरचे ठोके तीन-चार दिवस चढेच राहिले, झोप लागेना, तर सायकल भिंतीला टेकवून ठेवा. तीन दिवसांनी कुणाचा फॉर्म जात नाही.

टायर दगडासारखा

२५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय भरणं ही जुनी सवय. सत्तर किलोच्या माणसाला ७५ ते ८५ पुरतं, २८ च्या टायरला त्याहून कमी. आपल्या खडबडीत डांबरावर जास्त हवा म्हणजे सायकल उड्या मारते आणि वेगही कमी होतो. शिवाय सकाळच्या गारव्यात भरलेली हवा दुपारी उन्हात पाच-सहा पीएसआयने वाढते.

पंक्चर काढून नवी ट्यूब घातली आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बसली, ही तक्रार नेहमीची. हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. तार टायरमध्ये तशीच राहते आणि बाहेरून दिसत नाही. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशीच येईल असं ठेवायचं. मग ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून जितकं लांब, टायरवर तितक्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना शोधा. आतून फडकं फिरवा, तार असेल तिथे ते अडकतं. आणि खिशात प्रेस्टा व्हॉल्व्हचा पितळी अडॅप्टर ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्या काकांकडे कॉम्प्रेसर असतो, पण तुमच्या बारीक व्हॉल्व्हला त्याचं तोंड बसत नाही.

जत्रेची शर्यत आणि पाहुण्यांची गाडी

पत्रकात वेळ सकाळी आठ. प्रत्यक्षात हार, नारळ, प्रमुख पाहुण्यांची वाट, मग भाषणं, आणि झेंडा हलतो तेव्हा साडेदहा झालेले असतात. साडेसातला वॉर्मअप करून रेषेवर उन्हात उभे राहिलेले निम्मे तिथेच हरलेले असतात. जाहीर वेळेच्या तीन तास आधी पोटभर खा, नंतर दर पाऊण तासाला अर्धं केळं आणि दोन-चार घोट. देवळाच्या सावलीत बसा. माईकवाला "स्पर्धकांनी रेषेवर यावं" असं तिसऱ्यांदा म्हणाला की मग वॉर्मअपला उठा, त्याचं पहिलं-दुसरं मनावर घेऊ नका.

पहिल्या किलोमीटरला सगळे सुटतात, कारण बघणारे तिथेच असतात. सुटू द्या. दुसऱ्याच्या चाकामागे सपाटीवर पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. वारा डावीकडून असेल तर पुढच्याच्या थोडं उजवीकडे राहा. बहुतेक शर्यती जाऊन-येऊन असतात आणि अर्ध्यावर एका पिंपाला वळसा असतो. तिथे गियर ब्रेकच्या आधी हलका करा. जड गियरवर थांबल्यासारखं वळलात तर पुढचा गट पन्नास मीटर निघून जातो आणि ते भरून काढण्यात उरलेला दम जातो.

वळीव

एप्रिल-मेच्या दुपारी ढग भरले की अंदाज बांधत बसू नका, पक्कं छप्पर गाठा. झाडाखाली नाही. पहिल्या सरीनंतरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांत निसरडी, धूळ आणि सांडलेलं तेल तेव्हा वर येतं. रेल्वे गेटवरचे रूळ तर काटकोनातच ओलांडा. रस्त्यावर मळणीसाठी हुलगे पसरलेले असतात त्यावर, कोरडे असोत की ओले, ब्रेकला हात लावू नका आणि हँडल वळवू नका, पेडल थांबवून सरळ जाऊ द्या. घरी आल्यावर चेन फडक्याने कोरडी करून रात्रीच तेल सोडा, सकाळी वरचं तेल पुसून मगच निघा. ओली दिसणारी चेन दुसऱ्या दिवशी सगळी माती उचलते आणि कॅसेट लवकर खाते.