गाडीत टेम्परेचर आणि ऑइल प्रेशरचे मीटर कसे बसवावेत

साखरप्याहून आंबा घाट चढताना माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत दोन वळणं गेली आणि तेवढ्यात हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं. त्या गाडीला टेम्परेचरचा काटा नव्हताच, नुसता दिवा होता. ऑइलच्या दिव्याचीही तीच गत. प्रेशर साधारण ५ ते ७ पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली घसरलं की तो लागतो, म्हणजे तोवर बेअरिंगवर घासायला सुरुवात झालेली असते. काटा असेल तर बिघाड आधी दिसतो. म्हणून जुनी गाडी घाटात नेणाऱ्यांनी हे दोन मीटर बसवावेतच, असं माझं ठाम मत आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावू नका. नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचा. त्यात लावायचा डिस्प्ले कूलंटचं (रेडिएटरमधल्या पाण्याचं) तापमान आकड्यात दाखवतो आणि एकही वायर कापावी लागत नाही. ऑइलचं प्रेशर मात्र त्यावर सहसा मिळत नाही.

खरेदी करताना ५२ मिलिमीटरचे इलेक्ट्रिक मीटर घ्या, आणि मीटर व त्याचा सेन्सर एकाच कंपनीचा, एकाच डब्यातला हवा. प्रत्येक सेन्सरचा रेझिस्टन्स वेगळ्या हिशेबाने बदलतो, त्यामुळे एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला की काटा खुशाल खोटं सांगतो. नळीतून थेट ऑइल आणणारा मेकॅनिकल मीटर स्वस्त पडतो, पण ती नळी फुटली तर गरम ऑइल थेट पायावर. तो नकोच.

सेन्सर गाडीत बसवण्याआधी स्वयंपाकघरात तपासा. मीटरला बॅटरीवरून करंट द्या, सेन्सरची वायर जोडा आणि सेन्सरच्या पितळी अंगाला एक वायर गुंडाळून ती बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. मग सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात धरा. रत्नागिरीत किंवा मुंबईत काटा १०० अंशांवर यायला हवा, पुण्यात ९८च्या आसपास. महाबळेश्वरात पाणी ९५ अंशांलाच उकळतं, तिथे तेवढाच दाखवेल. चार-पाच अंशांहून जास्त फरक पडला तर मीटर दुकानात परत करा.

आता गाडीकडे या. इंजिन पूर्ण थंड असू द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाहीच. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. मीटरची जागा अशी निवडा की मान न वळवता काटा दिसेल. एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या वाटेत काहीही बसवू नका. बाजूच्या खांबात एअरबॅग असेल तर खांबही सोडा.

टेम्परेचर सेन्सरसाठी रेडिएटरच्या वरच्या होज पाइपात ॲडॅप्टर, म्हणजे सेन्सर बसवायला आटे असलेली छोटी धातूची नळी, घालणं सगळ्यात सोपं. पाइपाचा आतला व्यास मोजून त्या मापाचा ॲडॅप्टर आणा. थोडं कूलंट काढून घ्या, पाइप सरळ भागात कापा, ॲडॅप्टर बसवा आणि दोन्ही बाजूंना क्लिपा आवळा. बहुतेक जण चुकतात ते यापुढे. ॲडॅप्टर दोन्हीकडून रबरात असतो, त्याला इंजिनचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) मिळत नाही. त्याच्या अंगावरून वेगळी वायर काढून इंजिनच्या बोल्टला घट्ट लावा, नाहीतर काटा हलणारच नाही.

ऑइलसाठी इंजिनवरचा मूळ प्रेशर स्विच काढून तिथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावतात. टीच्या एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा सेन्सर, म्हणजे दिवाही चालू राहतो. काढलेला स्विच दुकानात सोबत न्या आणि आटे त्याच्याशी जुळवा. योग्य आटा दोन-तीन फेरे हातानेच आत जातो. जोर लावावा लागला तर आटा चुकलाय. ॲल्युमिनियममध्ये निमुळता आटा जास्त आवळला तर तडा जातो आणि तो खर्च मीटरच्या कितीतरी पट असतो. टेफ्लॉन टेप लावायचीच तर पहिला आटा मोकळा ठेवा, तुकडा ऑइलमध्ये जायला नको. सेन्सर वजनदार असेल तर टीवर लोंबकळता ठेवू नका, कंपनाने पितळ तुटतं. छोट्या प्रेशर होजने तो बाजूला घ्या, पट्टीने बॉडीला बांधा आणि त्यालाही अर्थ द्या.

वायरा साधारण चार असतात: चावीचा करंट, अर्थ, सेन्सर आणि रात्रीच्या उजेडाची. रंगावर विश्वास न ठेवता डब्यातलं चित्र पाहा. चावीचा करंट शोधताना बॅटरी तात्पुरती जोडा. फ्यूज बॉक्समध्ये मल्टिमीटरवर चावी चालू असताना १२ व्होल्ट आणि बंद असताना शून्य दाखवणारी जागा हवी. तिथून ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकूनच वायर घ्या. वायर बोनेटमधून आत आणताना मूळ वायरिंगच्या रबरी ग्रोमेटमधूनच (पत्र्याच्या भोकातल्या कड्यातूनच) आणा. पत्र्याच्या उघड्या कडेवर घासून ती एक दिवस शॉर्ट होईल. सायलेन्सरच्या गरम भागापासून ती लांब ठेवा. जोड लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून, वर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवून करा. पीळ देऊन गुंडाळलेली टेप इंजिनच्या उष्णतेत चिकट होऊन सुटते, मी ती बोटांनी सोलून काढली आहे.

सगळं जोडून झालं की बॅटरी पुन्हा लावा. हेडलाइट लावल्यावर काटा जागचा हलला तर अर्थ कच्चा आहे. तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. बुडबुडे थांबले की झाकण लावा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत वरच्या पाइपात गरम पाणी फारसं येत नाही, म्हणून काटा काही मिनिटं खालीच राहील आणि मग एकदम चढेल. त्यात बिघाड काही नाही. फॅन सुरू होईपर्यंत थांबा आणि टॉर्चने प्रत्येक जोड पाहा.

तापमान ८० ते ९५ अंश असावं. ऑइलचा ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय. तुमच्या गाडीचे नेहमीचे आकडे आठवडाभर कागदावर लिहून काढा. क्लिपा आठवड्यानंतर पुन्हा आवळा.

घाटात काटा १०५कडे निघाला तर एसी बंद, हीटर चालू, आणि जागा मिळताच थांबा. चढावर काटा अचानक खाली आला तरी थांबा, कारण सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो आणि तेव्हा पाइपात पाणीच उरलेलं नसेल.