गोष्ट अर्धीच राहिली तरी चालेल: चिमुकल्यांना पुस्तक वाचून दाखवताना

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला पुस्तक वाचून दाखवायला बसलं की पाच मिनिटांत मोठ्यांचाच धीर सुटतो. मूल मधलंच पान उघडतं, पुस्तक उलटं धरतं, नाहीतर उठून पळतं. आपल्याला मात्र गोष्ट संपवायची असते. ती घाई सोडा, पुढचं सोपं आहे.

आधी पुस्तक. वर्षाच्या आतल्या बाळाला जाड पुठ्ठ्याचं द्या. ते चघळणार, चघळू द्या. पुढे पानभर चित्र आणि खाली एक-दोन ओळी, एवढं पुरतं. सगळी विकत घ्यायची गरज नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे; पोराला बरोबर न्या, पुस्तक त्यालाच निवडू द्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात. मोबाइल हातात देण्यापेक्षा ती छापून घ्या.

वेळ झोपण्याआधीची, टीव्ही बंद करून.

आता खरं काम. पान उघडलं की लगेच वाचायला लागू नका, चित्र बघू द्या. ‘हे काय?’ला एका शब्दाचं उत्तर येतं आणि तिथेच बोलणं संपतं. त्यापेक्षा ‘मांजर का बरं लपलंय?’ असं विचारा आणि मनात पाच मोजेपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला फार जड जातं, पण मुलाचं बोलणं तिथूनच सुरू होतं. ते ‘भूभू’ म्हणालं, तर ‘हो, काळा भूभू पळतोय’ म्हणा. त्याचाच शब्द थोडा वाढवून परत द्यायचा. ‘पानी’ म्हणालं तर चूक काढू नका. ‘पाणी पितोय ना तो?’ एवढं म्हटलं की झालं.

रोज तेच पुस्तक मागेल. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. चार-पाच वेळा वाचून झालं की ओळीच्या शेवटी थांबा. उरलेला शब्द ते स्वतःच म्हणेल.

बागलाणकडची आजी घरात असेल, तर ती चित्रं बघून अहिराणीत गोष्ट रचेल. मध्ये पडू नका. तिला वाचता येत नसलं तरी काही अडत नाही, उलट तिच्याकडे शब्द जास्त असतात.

अक्षरांच्या आधी कान तयार व्हावा लागतो. टाळ्या वाजवून शब्द तोडा: कां-दा दोन, गो-दा-व-री चार. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात ‘क’ने सुरू होणाऱ्या भाज्या शोधा, कारलं, काकडी, कोथिंबीर करत पिशवी भरते.

साडेतीन-चारनंतर वाचताना ओळीखालून बोट फिरवा. बाराखडीची घोकंपट्टी नको. आधी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, मग तेच दुकानांच्या पाट्यांवर.

मूल हाकेला वळत नसेल, किंवा दोन वर्षं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.

आणि पान फाटेलच. रागावू नका, चिकटपट्टी आणा, त्याला शेजारी बसवा आणि दोघं मिळून जोडा.